अक्कांची पांढरी चार

तमाम लोकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, यंदाच्या उन्हाळ्यात पारोळा गाव अर्ध्या स्वरानं वर चढलं आहे. कापसाच्या जिनिंगचा भोंगा, देवळाची घंटा, पाण्याचा तांब्या, सगळंच. ही दवंडी माझी नव्हे. आमच्या शेजारच्या आबांची.

आबांना ना गाणं येई, ना पेटी. पण कुठलाही आवाज ऐकला की तो पेटीच्या कोणत्या पट्टीचा, हे त्यांना आपसूक कळे, आपल्याला पेरू हिरवा दिसावा तसं. पितळी हंडा घेताना लोक टिचकी मारून तडा शोधतात. आबा टिचकी मारून म्हणत, "काळी दोन!" आणि धडधाकट हंडा परत ठेवत.

तांबट हात जोडी. "आबा, पाणी भरनं शे का गाणं म्हननं शे?"

"तू चूप! घरमा एक काळी दोन शे आधीच."

संसारही त्यांनी याच कानावर हाकला. अक्का, म्हणजे त्यांची बायको, खुशीत असल्या की त्यांची "अहो!" ही हाक पांढरी चारमध्ये येई. रागावल्या की काळी तीन, बरोब्बर अर्धा स्वर वर. काळी तीन ऐकली की आबा जेवण टाकून शेत गाठत.

आणि यंदा रोज काळी तीन!

"भाऊ," ते मला ओट्यावर गाठून म्हणाले, "गाव चढनं ते उन्हामुळे. पन ही? मन्हं काय चुकनं?"

मग आबा स्वतः पाणी शेंदू लागले. रोज गजरा आणू लागले. गल्ली खिदळली. कुणी विचारी, "आबा, आज झाडू बी मारना का?" आबा गजऱ्याची पुडी सांभाळत घरात शिरत. आतून हाक येई ती काळी तीनच. माणूस पार खंगला.

शेवटी त्यांनीच निदान केलं: इतके दिवस कुणी रागावत नसतं, अक्कांचा गळाच बिघडला. झालं! सर्व्हिस मोटारीनं वरात धुळ्याला, डॉक्टरांकडे. सोबतीला मी.

डॉक्टरांनी अक्कांचा घसा पाहिला. "उत्तम आहे की! त्रास काय?"

"चढना शे," आबा म्हणाले. "अर्धा स्वर."

डॉक्टर एकदम खुर्चीत पुढे सरकले. कान तपासायचा दोन पायांचा पोलादी काटा टेबलावर ठोकून त्यांनी आबांच्या कानाशी धरला.

"काळी एक," आबा.

डॉक्टरांनी काट्यावरची कोरीव खूण दाखवली. पांढरी एक! आबांनी काटा हिसकावून स्वतः ठोकला. पुन्हा ठोकला. काळी एकच.

"पोलाद रागावत नाही, आबा," डॉक्टर हळूच म्हणाले. "कान आवाज नुसता आत पोचवतो. त्याला नाव देतो तो मेंदू. वयानं तुमच्या मेंदूतली पट्टी उतरली असावी, म्हणून बाकी सगळं चढलेलं वाटतं. गाव आहे तिथंच आहे."

आबांच्या हातातला काटा थरथरत गुणगुणत राहिला. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. माझ्यासमोर, डॉक्टरांसमोर, लाजबीज सोडून विचारलं, "म्हंजे... तू मन्हावर रागमा नव्हतीच?"

अक्कांनी अंबाड्यातल्या गजऱ्यावर पदर सारखा केला. डॉक्टरांनी आबांसाठी शक्तीच्या औषधाची बाटली उचलली, तशा त्या उठल्याच.

"नका देऊ! यासना कान बिघडना तैपासूनच माले गजरा आनतस!"