यमुताई सशीण आणि बोलावल्यावर येणारा कुत्रा

बाळांनो, एका जंगलात कुत्रे पाळायची टूम निघाली होती. हत्तीने पाळला, रानडुकराने पाळला, आणि आपणच मागे का राहायचं म्हणून यमुताई सशिणीनेही पाळला. त्याचं नाव दगडू. उंचीला यमुताईंच्या तिप्पट, स्वभावाने अगदी लोणी.

कुत्रा पाळला की आज्ञापालनाच्या वर्गाला जाणं सक्तीचं होतं. वर्ग बगळेमास्तर घ्यायचे. एका पायावर तासन् तास उभं राहण्यात त्यांचा हात धरणारं जंगलात कोणी नव्हतं.

पहिली परीक्षा दगडूने सहज पार केली. बस, ऊठ, आणि मालकिणीला खाऊ नकोस, एवढाच अभ्यास होता.

मग आली मधली परीक्षा. हिच्यात कुत्र्याबरोबर मालकालाही गुण असतात. दोघांतलं एक जरी नापास झालं, तरी कुत्रा शिकारखात्यात जमा. आणि तिथे पहिला धडाच सशाचा.

यमुताईंनी रात्र रात्र जागून उजळणी केली. जिवाच्या भीतीने नव्हे हो. दगडू रोज सकाळी त्यांच्या कानांवरचं दव चाटून पुसायचा. असं माणूस पुन्हा भेटायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परीक्षा सुरू झाली. 'थांब' म्हटल्यावर दगडू थांबला आणि यमुताई नियमाप्रमाणे वारुळाआड गेल्या. कुत्रा नजरेआड असलेली ती तीन मिनिटं त्यांना फार सुखाची गेली.

आता शेवटचा प्रश्न. यमुताई वीस पावलांवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दगडू, ये."

दगडू आला. कान उडवत, जीभ लोंबवत, सगळेच्या सगळे दात दाखवत, आनंदाने आला.

ससा कितीही शिकला तरी त्याचे पाय अडाणीच राहतात, बाळांनो. यमुताई पळत सुटल्या. दगडू पडला आज्ञाधारक. ये म्हटलंय म्हणजे यायला हवं. तो येत राहिला, त्या पळत राहिल्या. मैदानाला चार फेऱ्या झाल्या. हत्ती हसता हसता खाली बसला. ते बघून त्याचा कुत्राही बसला आणि फुकटचे दोन गुण घेऊन गेला.

"अहो, त्याला थांब म्हणा," मास्तर म्हणाले.

"म्हणायला दम कुठाय, मास्तर," यमुताई पाचव्या फेरीतून म्हणाल्या.

शेवटी मास्तरांनीच दगडूला थांबवलं. "कुत्र्याला पैकीच्या पैकी. मालकिणीला शून्य. आणखी एकदाच संधी देतो."

यमुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "दगडू, मी बोलावते ते मनापासून बोलावते रे. हे मेले पाय ऐकत नाहीत."

"ताई, तुम्ही नुसती हाक मारा," दगडू म्हणाला. "पुढचं मी बघतो."

यमुताई पुन्हा वीस पावलांवर गेल्या. "दगडू, ये."

दगडू जागचा हलला नाही. उलट त्याने पाठ फिरवली, ऐसपैस बसला आणि शेपटी हलवू लागला. दात नाहीत, जीभ नाही, नुसती शेपटी. यमुताईंच्या पायांची भीती गेली. टुणटुण उड्या मारत त्या गेल्या आणि त्याच्या पाठीला बिलगल्या.

मास्तरांनी नियम उघडला. हाकेनंतर कुत्रा आणि मालक यांच्यात वीतभराहून जास्त अंतर नसावं, एवढंच त्यात लिहिलं होतं. कोणी कोणाकडे जायचं, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

"दोघंही पास," मास्तर म्हणाले. "जरब असावी तर अशी."

तेव्हापासून 'कुत्र्याला मुठीत कसं ठेवावं' या विषयावर यमुताईंची व्याख्यानं होतात. तुडुंब गर्दी असते. दगडू पहिल्या रांगेत बसतो, त्यांच्याकडे पाठ करून.

तात्पर्य: वरिष्ठांची प्रत्येक आज्ञा पाळू नये. त्यांना तेवढं पळवत नाही.