नानांची दोन डोक्यांची एस्टी

समोर नवी वस्तू येवो की नवा माणूस, नाना आधी एकच प्रश्न विचारायचे, "एका टायमाला किती गाड्या सोडतो?" हा प्रश्न त्यांनी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरला विचारला होता, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारला होता आणि माझ्या लग्नाच्या बोलणीत माझ्या होणाऱ्या बायकोबद्दलही विचारला होता. सोयरीक मोडली नाही ही देवाची कृपा.

नानांनी कोरेगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी हयात काढली होती. एका हातात माइक, दुसऱ्या हातात चहाची बशी, पुढ्यात कागदावर सही मागणारा ड्रायव्हर, खिडकीत "साताऱ्याची गेली का रं?" म्हणणारी म्हातारी आणि फलाटावर तीन गाड्या. नाना कुणालाच ताटकळत ठेवत नसत. रिटायर झाले, माइक सुटला आणि माणूस पार सैरभैर झाला. माझा कॉम्प्युटर क्लास त्यांच्या घरासमोरच. एक दिवस सहज आत डोकावले आणि पडद्यावर एकदम चार खिडक्या उघडलेल्या बघून जागीच खिळले. त्यांना त्यांचं स्टँड सापडलं होतं. महिन्याभरात घरी कॉम्प्युटर आला.

मग नाना प्रोसेसरवर बोलायला लागले ते थांबेचनात. "मास्तर, घरातला प्रोसेसर म्हंजे घरची जीप. एकटं बसा, सुसाट जावा. सर्व्हरचा म्हंजे एस्टी. निघंल जरा दमानं, पर साठ जणांस्नी घिऊन जाईल, एकालाबी फलाटावर सोडायची न्हाई." माझ्या पुस्तकानं दोन प्रकरणं खर्चूनही हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं. पुढच्या बॅचपासून मी पुस्तक मिटून जीप आणि एस्टीच शिकवायला लागलो. एका चुलीवर भाकरी, दुसरीवर कालवण ठेवून दूधवाल्याशी भांडणाऱ्या नानींना नाना कौतुकानं सर्व्हर म्हणत. नानींना ती शिवी वाटायची.

नागपंचमीला त्यांची एकुलती एक लेक संगी पलूसहून माहेरपणाला आली. नानांनी तिच्यासाठी गाड्यांच्या शर्यतीचा गेम शोधून ठेवला होता. पडद्याचे दोन भाग, वर तिची गाडी, खाली नानांची. एकाच कीबोर्डवर उजवीकडे बाप, डावीकडे लेक. पण नानांची गाडी पळायला लागली की संगीची वळेनाच, थेट झाडात जायची. चार दिवस पोरगी हरली. निघताना हसत हसत म्हणाली, "तुमीच खेळा, नाना. मी आली काय न न्हाई काय, गाडी तुमचीच पळती."

ती हसत म्हणाली होती, पण नानांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये येऊन बसले. त्यांचं निदान पक्कं होतं: एक प्रोसेसर दोघांचं ऐकत नाही. तेव्हा दोन प्रोसेसरवाला सर्व्हरच आणायचा, बापाला एक, लेकीला एक. आणि तोही दिवाळीच्या आत, संगी यायच्या आधी. मी परोपरीनं सांगितलं की खेळाला वेग लागतो, तिथं तुमचीच जीप पुढं जाते, सर्व्हर मागं पडतो.

"मला पयला नंबर कुठं पायजे?" नाना म्हणाले. "दोनी गाड्या सुटाय पायजेत."

मग काय, आमची वरात सांगलीला! एका बंद पडलेल्या कचेरीतला दोन प्रोसेसरचा सर्व्हर तिथं विकायला आला होता. नानांनी सोबत आणलेला पितळी डबा उघडला, त्यातून फ्लॉप्या काढल्या आणि मशिनवर एकदम छपाई, गाणं आणि पत्ते लावून दिले. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला, पण काहीच अडकलं नाही. नाना दुकानदाराला कडकडून भेटले. येताना एस्टीत त्यांनी मशिनला खिडकीची जागा दिली आणि स्वतः कडेला बसले. कराडला चढलेल्या बाईंनी मशिन मांडीवर घ्या म्हटलं, तर "पेशंट हाय," म्हणाले.

घरी आल्यावर गेम चालावा म्हणून त्यात घरगुती विंडोज टाकावी लागली. आता ती विंडोज दोनातल्या एकाच प्रोसेसरला ओळखते, दुसरा नुसता बसून राहतो. हे नानांना सांगायची माझी छाती झाली नाही.

दिवाळीच्या पाडव्याला संगी आली. संध्याकाळी आळीतली माणसं दाटीवाटीनं जमली, नानींनी मशिनला कुंकू लावलं, शर्यत सुटली आणि संगीची गाडी थेट झाडात गेली. पुन्हा सुटली, पुन्हा झाडात. नानांचा चेहरा बघवेना. संगी उठायला लागली, तेव्हा माझं लक्ष कीबोर्डकडे गेलं. हाताला सवयीचा म्हणून नानांनी जुनाच ठेवला होता. मी दोन बटणं दाबून धरली आणि तिसरं दाबलं. तिसरं उमटेचना. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. प्रोसेसरची काही चूकच नव्हती. दोघांनी एकदम बटणं दाबली की हा कीबोर्ड ज्याची बोटं आधी पडली त्याचंच ऐकत होता, आणि नानांची बोटं नेहमी आधी पडत. मी ते सांगितलं. सांगलीहून जॉयस्टिक मागवू, म्हणालो.

नानांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "मी हात काढला तर तिची पळंल?"

पळेल, म्हटलं. नानांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते हात रिकामे बघितले.

संगीची गाडी सुटली. झाड चुकवलं, वळण घेतलं. आळी ओरडायला लागली. खालच्या अर्ध्या पडद्यावर नानांची गाडी जिथं होती तिथंच उभी होती.

"नाना, तुमची गाडी?"

"असू दे हितंच," नाना म्हणाले. "तू फेरी मारून हितंच येणार न्हवं?"

संगीनं पुढचं वळण घेतलं. तिनं फेरी पुरी केली, नानांच्या गाडीशेजारी आली आणि शर्यत सोडून तिथंच थांबली.