चिचुंद्रीच्या भिंतीची ओटी

मुलांनो, हातपाय धुतलेत ना? मग घ्या पाट आणि बसा. कहाणी अर्धी टाकून मध्येच उठायचं नाही. देव काही रागावत नाही, पण सांगणारी रागावते.

एका जंगलात, जिथं हिवाळा दरवर्षी ठरल्या वेळी यायचा आणि दरवर्षी दरबाराला त्याचं नवल वाटायचं, सगुणा नावाची एक चिचुंद्री राहत असे. सावरीच्या झाडाच्या मुळाशी तिचं बीळ होतं. बीळ नीटनेटकं. दारात रांगोळी, कोनाड्यात लक्ष्मी, आणि उत्तरेच्या भिंतीला एक लांबलचक भेग.

त्या भेगेतून वारा यायचा. नुसता यायचा नाही, घरच्यासारखा यायचा, सगळीकडे फिरायचा आणि मुक्काम करायचा.

सगुणेला दिवस गेले होते. पौषात पिल्लं व्हायची होती. मागच्या पौषातही झाली होती. त्यातली दोन धाकटी गारठ्यानं राहिली नाहीत. सगुणा त्याबद्दल बोलत नसे. पण भेगेसमोरून जाताना दर वेळी पदर पुढे ओढून घेई.

यंदा तिनं मार्गशीर्षातले गुरुवार धरले. "आई लक्ष्मी," ती म्हणाली, "सोनं नको, नाणं नको. ही भिंत तेवढी उबदार कर."

तिचे यजमान जरा तिरकस बोलणारे. ते म्हणाले, "लक्ष्मीला गवंडीकाम कधीपासून यायला लागलं?"

"असं बोलू नये हो," सगुणा म्हणाली. "ती कुणाला तरी पाठवते."

आली ती टिटवी. दरबाराची दवंडी टिटवीकडे असे, कारण तिला हळू बोलताच येत नसे.

"ऐका हो! वाघोबा महाराजांची उबदार बीळ योजना! ज्याचं बीळ थंड, त्याच्या भिंतीला दरबारी खर्चानं अस्तर! अट एकच! थंडी अधिकाऱ्यानं स्वतः अनुभवली पाहिजे!"

सगुणेनं कोनाड्याकडे पाहून हात जोडले. मग यजमानांकडे पाहिलं. यजमान छताकडे पाहत होते.

अस्तर घालणारा कारागीर म्हणजे सुगरण पक्षी. त्याला आधीच विचारून झालं होतं. गवताचा थर, त्यावर कापूस, दाराला विणलेला पडदा, असं तो भराभर बोलला होता. आणि मजुरी? मजुरी म्हणून त्यानं हिवाळ्याचा सगळा दाणा मागितला होता.

"म्हणजे ऊब येईल," यजमान म्हणाले होते, "पण ती अनुभवायला आपण उरणार नाही."

तेव्हा आता सगळी भिस्त दरबारावर होती.

पहिल्यांदा अस्वल रावसाहेब आले. भरघोस केस, भरघोस पोट. सगुणेनं दारात सडा घातला आणि म्हणाली, "या ना, आत या."

रावसाहेबांनी दाराकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं आणि मग फक्त नाक आत घातलं. नाकानं दार गच्च बंद झालं. पलीकडे जायला वाट उरली नाही, तेव्हा भेगेतला वारा बाहेरच राहिला. आत अंधार झाला, आणि मोहाच्या फुलांचा वास असलेला गरम श्वास घरभर पसरला.

"कुठंय वारा?" रावसाहेबांनी नाकातून विचारलं.

"तुम्ही नाक काढलंत की येईल," सगुणा नम्रपणे म्हणाली.

"नाक काढलं तर तपासू कशानं?"

त्यांनी आणखी एकदा हुंगलं.

"बीळ चांगलं गरम आहे. नामंजूर," रावसाहेब म्हणाले आणि निघाले. नाक निघताच वारा आत शिरला. त्यानं समईची वात विझवली.

यजमान तणतणत दरबारात गेले. "आमच्या घरात मावेल असा अधिकारी पाठवा," म्हणाले. दरबार न्यायी होता. दरबारानं सरडेसाहेबांना पाठवलं.

तो शेवटचा गुरुवार होता, उद्यापनाचा. हळदीकुंकवाला शेजारणी जमल्या होत्या. वरच्या ढोलीतल्या विमलवन्सं, म्हणजे खार, आणि पलीकडच्या कावेरीकाकू, म्हणजे उंदरीण. सरडेसाहेब दगडावर मनसोक्त ऊन खाऊन आले होते, त्यामुळे तरतरीत होते. ते मान वरखाली करत आत शिरले.

"बघा, आल्या आल्याच हो म्हणतायत," सगुणा वन्संच्या कानात म्हणाली.

मुलांनो, सरड्याची मान हलतेच. तो होकार नसतो. पण सगुणेचा स्वभावच असा, की कुणाची मान हलली की तिला बरं वाटे.

"भेग दाखवा," सरडेसाहेब म्हणाले.

भेग दाखवली. साहेब भेगेसमोर ऐटीत उभे राहिले. वारा आला. साहेबांची मान हलायची थांबली. शेपूट ताठ झालं. रंग हिरव्याचा राखाडी झाला. तोंड उघडलं, "थंडी आ..." एवढंच बाहेर पडलं आणि साहेब काठीसारखे आडवे झाले.

शेजारणी हळदीकुंकू सोडून पुढे वाकल्या.

"गेले की काय गं बाई?" काकू म्हणाल्या.

"गेले नाहीत," यजमान जवळ जाऊन म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "गारठलेत. सरडे असेच आखडतात. अगं सगुणे, कळतंय का तुला? याहून मोठा पुरावा नाही! यांना असंच उचलू आणि दरबारात नेऊन ठेवू. बोलायचीसुद्धा गरज नाही. हात लावून बघा म्हणायचं, बस्स!"

"अय्या, खरंच की," वन्सं म्हणाल्या. "धरा, मी शेपटीकडून धरते."

सगुणेनं भेगेकडे पाहिलं. आपल्या पोटाकडे पाहिलं. मग त्या राखाडी, आखडलेल्या पाहुण्याकडे पाहिलं. मागच्या पौषात तिनं हा रंग पाहिला होता.

"नको," ती म्हणाली.

"अगं, मंजुरी हातात आलीय!"

"अहो, गुरुवारी दारात आलेला पाहुणा आहे. तो काकडत असताना मी त्याचा पुरावा करू? उद्या कोनाड्याकडे कोणत्या तोंडानं बघू?" आणि ती साहेबांना आपल्या पोटाशी घेऊन बसलीसुद्धा.

मग काय! शेजारणी त्या, बसवतंय का त्यांना? वन्सं धावत ढोलीत गेल्या. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली तेव्हा जमवलेला सगळा कापूस घेऊन आल्या. काकूंनी आपल्या अंथरुणातलं गवत आणि नारळाचा काथ्या ओढत आणला. साहेबांना मध्ये ठेवलं, भोवती कापूस, त्यावर गवत, आणि वरून सगळ्यांनी खेटून बसायचं. यजमानसुद्धा बसले. तोंड दुसरीकडे करून, पण बसले.

हळूहळू साहेबांचा रंग पालटला. एक डोळा उघडला. मान हलली.

"हं," ते म्हणाले. "कुठवर आलो होतो?"

"थंडी आ, इथवर," यजमान घाईघाईनं म्हणाले. "पुढे 'हे' म्हणायचं राहिलंय."

साहेबांनी कापसात अंग सैल सोडलं. चारी बाजूंना पाहिलं. "थंडी आढळत नाही," ते म्हणाले. "उलट इतकं उबदार बीळ माझ्या पाहण्यात नाही. नामंजूर."

"साहेब, अहो, आत्ता तुम्ही स्वतः..."

"मी आत्ताचंच सांगतोय," साहेब म्हणाले. मग प्रसादाचा द्रोण घेऊन, मान हलवत, ऊन असेतो निघून गेले.

सगुणा उठली. कापूस गोळा करू लागली. "वन्सं, घ्या हो तुमचा. काकू, गवत झटकून देते."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "वेड लागलंय का तुला? भरल्या दिवसांच्या बाईकडे, उद्यापनाच्या दिवशी आणलेलं परत न्यायचं? आमच्यात नाही बाई असं. ओटीत घातलं समज."

"एवढा कापूस मी ओटीत कुठं घेऊ?" सगुणा रडता रडता हसली. मग तिची नजर भिंतीकडे गेली. "खरं सांगू? माझी नका भरू. हिची भरा. वर्षभर वारा सोसतेय बिचारी, कधी कुणी हिला हळद नाही लावली की कुंकू."

आणि मुलांनो, त्यांनी त्या भिंतीची ओटी भरली. भेगेला हळदीकुंकू लावलं. आत काथ्या, मग गवत, मग कापूस, मग वरून शेणामातीचा गिलावा. वन्संनी शेपटीचा हात फिरवला. वाऱ्यानं बाहेरून पुष्कळ हाका मारल्या. आतून कुणी ओ दिली नाही.

"धाडतेच की शेवटी कुणाला तरी," यजमान हळूच म्हणाले.

"काय हो?"

"काही नाही. लक्ष्मी. पाठवते म्हणालीस ना."

पौषात पिल्लं झाली. धाकटं सगळ्यात किरकिरं निघालं आणि सगळ्यात गुबगुबीत.

दरबारात योजनेचा समारंभ झाला. टिटवीनं सांगितलं, की साऱ्या जंगलात एकही थंड बीळ आढळलं नाही, सबब योजना पूर्ण यशस्वी झाली. योजनेसाठी जमवलेल्या कापसाची महाराजांसाठी गादी करण्यात आली.

सरडेसाहेब मात्र कर्तव्यदक्ष. ते सगुणेकडे फेरतपासणीला येतात. ढग आले की हमखास येतात, भिंतीला पाठ लावून पिल्लांच्या मध्ये बसतात आणि निघताना न चुकता नामंजूर म्हणतात. सगुणा त्यांच्यासाठी प्रसाद झाकून ठेवते.

तात्पर्य: काकडणाऱ्या अधिकाऱ्याला ऊब देऊ नये, निदान त्यानं होकार देईपर्यंत तरी. आणि ज्यांना दरबाराचं अनुदान हवं असेल, त्यांनी आधी प्रेमळ शेजारणींशी भांडण काढावं. दोन्ही एका बिळात मावत नाहीत.