शिट्टी लावलेलं बाशिंग

झरीहून निघालेल्या वरातीचा टेम्पो अच्छाडच्या अलीकडे बंद पडला आणि पुतळीबाईचं डोकं तापलं. पुतळीबाई धवलेरी. तिने गाणी म्हटल्याशिवाय पाड्यावर लग्न लागत नसे. मुलीला अठरा पुरी झाल्याची खात्री होईपर्यंत ती तोंड उघडत नसे, आणि तिने बांधलेलं बाशिंग लग्नाआधी कधी सुटलं नव्हतं. दोन्ही गोष्टींचा तिला सारखाच ताठा.

लग्न दिवस मावळायच्या आत लागायला हवं होतं. मग नवरदेव अमृतने मित्राची मोटरसायकल घेतली, पुतळीबाईला मागे बसवलं आणि हेल्मेट हँडलला अडकवून निघाला. नाक्यावर वाहतूक पोलीस संगिताने हात आडवा केला.

"हेल्मेट?"

"हे काय, हँडलला."

"डोकं हँडलला आहे का?"

"मॅडम, बाशिंग बांधलंय. वरून घातलं तर चेपेल, काढलं तर ही म्हातारी मला सोडणार नाय."

पुतळीबाई खाली उतरली. "पोरी, देवाधर्माच्या कामात आडवी येतेस?"

"धर्म तुमचाच आहे, आजी. पण रस्ता सगळ्यांचा आहे. हा इथं पडला, तर तुमचा देव मलाच विचारेल, तू तिथं उभी होतीस ना?"

पुतळीबाईने रस्त्याकडे पाहिलं. तिच्या लग्नात वरात बैलगाडीतून गेली होती. तेव्हा डोकं फुटायची भीती नव्हती, फार तर झोप लागायची. आता शेजारून धडाधड ट्रक जात होते. पोरगी बोलत होती ते खोटं नव्हतं.

"बाशिंग मी बांधलं, मीच सोडीन," ती म्हणाली. "पन पुन्हा बांधायचं तर गाणं पयल्यापासून. आणि जोडीला सवाशीण लागते. आमची सोमी टेम्पोत ऱ्हायली. तुझं लगीन झालंय?"

"झालंय, पण मी ड्यूटीवर..."

"तुझा कायदा मी ऐकला ना? आता माझा ऐक. हळद घे."

आयुष्यात पहिल्यांदा पुतळीबाईने स्वतःची गाठ सोडली. रस्त्याच्या कडेला गाणं सुरू झालं, तसे ढाब्यावरचे ड्रायव्हर खाटा सोडून आले. अमृतने हेल्मेट घातलं, संगिताने त्याला हळद लावली आणि पुतळीबाई त्यावरून बाशिंग बांधू लागली. पण हेल्मेट मोठं, बाशिंगाचा दोरा तोकडा. गाणं अर्ध्यात थांबवता येईना. पुतळीबाईने गाता गाताच संगिताच्या खांद्यावरची शिट्टीची दोरी खेचली आणि दोऱ्याला जोडून गाठ मारली.

"आजी, शिट्टी!"

"आता लग्न लागल्याबिगर सुटायची नाय. ड्यूटी संपली की येऊन घेऊन जा."

"बरं. आणि तुमचं डोकं?"

कडेला हेल्मेटं विकणारा बसलाच होता. पुतळीबाईने लाल निवडलं.

मांडवात दोघं शिरली तेव्हा वाजंत्री वाजवायचे थांबले. पुतळीबाईला वाटलं, आता म्हणतील, धवलेरीचं बाशिंग वाटेत सुटलं. नवरीची आत्या जयवंती पुढे आली, अमृतभोवती फिरून तिने सगळं निरखलं.

"हेल्मेट समजलं. पन ही शिट्टी कशाला?"

पुतळीबाईने लाल हेल्मेटावरून पदर सारखा केला.

"आमच्यात असते," ती म्हणाली.

संध्याकाळी संगिता शिट्टी न्यायला आली, ती जेवूनच गेली. पुढच्या उन्हाळ्यात जयवंतीच्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा तिचा पुतळीबाईला फोन आला. "धवलेरीबाय, हेल्मेट आनलं. शिट्टीच कुठं मिळत नाय. तुमी कुठनं आनता?"