व्हर्लिनच्या नावाखालची बाई

आर्डिस हॉवलंडने नवऱ्याचं नाव इंटरनेटवर शोधलं ते केवळ उत्सुकता म्हणून, असं ती पुढे सगळ्यांना सांगत असे. खरी काडी टाकली होती तिच्या मैत्रिणीने, मार्लिसने, रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी.

"अगं, एक साइट आहे. माणसाचं नुसतं नाव टाकायचं, की पत्ता, वय, फोन, नातेवाईक, सगळं उघड्यावर! माझं वय कोणी बघितलं असेल या धास्तीने झोप उडालीय माझी."

मार्लिसचं वय अख्ख्या लेक एडना गावाला ठाऊक होतं, पण ते तिला कोण सांगणार?

घरी येऊन आर्डिसने नवऱ्याचं, व्हर्लिनचं, नाव टाकलं. वय बरोबर, पत्ता बरोबर, फोनही बरोबर. त्याखाली 'यांच्यासोबत राहणाऱ्या संभाव्य व्यक्ती' अशी ओळ होती. पहिलं नाव आर्डिसचं. दुसरं तिच्या दिवंगत सासूबाईंचं. त्या गेल्यानंतरही घर सोडायला तयार नाहीत, याचं आर्डिसला मुळीच नवल वाटलं नाही. तिसरं नाव होतं यव्होन टेसमर, वय अठ्ठावन्न.

आर्डिस सहासष्ट वर्षांची होती. यव्होनच्या नावावर बोट ठेवताच तिचा पत्ता आला, शेजारच्या टॉरव्हिल गावातली बर्च स्ट्रीट, आणि खाली फोन नंबर. तो नंबर व्हर्लिनचा होता.

दुसरीकडची बायको असती तर तिने लाटणं घेऊन जाब विचारला असता. आमच्या मिनेसोटात तसं चालत नाही. इथे घराला आग लागली तरी माणूस शेजाऱ्याशी आधी हवेबद्दल दोन शब्द बोलतो. आर्डिसने जेवणाच्या टेबलावर लांबून सुरुवात केली.

"बऱ्याच दिवसांत टॉरव्हिलला गेला नाहीस."

"नाही."

"चांगलं गाव आहे म्हणतात."

"वाईट नाही."

"घरं बरी आहेत. बर्च स्ट्रीटवर वगैरे."

"असतील," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने पुन्हा मटार वाढून घेतले. इतका निगरगट्ट माणूस आपण आजवर ओळखला कसा नाही, याचा तिला अचंबा वाटला.

तेव्हापासून तिला त्याच्या प्रत्येक गोष्टीत यव्होन दिसू लागली. त्याने दाढी केली की का केली, आणि नाही केली की ती अशीच आवडत असेल का तिला. बुधवारी दुपारी ती कपडे वाळत घालायला निघाली, तर गॅरेजच्या दाराआडून त्याचा आवाज आला. फोनवर बोलत होता, आणि तोही असा मऊ, जसा तो फक्त आजारी गाईशी बोलायचा.

"हो हो, यव्होन. गुरुवारी दहाला. नक्की. नाही नाही, विसरणार कसं?"

आर्डिसच्या हातातली ओली चादर जमिनीवर पडली आणि ती तिने तशीच, माती लागलेली, दोरीवर टाकली.

गुरुवारी पहाटे उठून तिने हॉटडिश केली. खाली खिमा, त्यावर मशरूमचं घट्ट सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. कोणाच्याही दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, असं आईने शिकवलेलं. सवतीच्या दारात जाताना काय करायचं, हे आईने सांगितलं नव्हतं, तेव्हा आर्डिसने मूळ नियमच पाळला. व्हर्लिनला तिने सांगितलं, "मार्लिसकडे जाऊन येते." तो "बरं" म्हणाला. त्या 'बरं'मध्ये तिला सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

दहाला पाच कमी असताना तिने बर्च स्ट्रीटवरच्या त्या घराची घंटा वाजवली. दार उघडणारी बाई नीटनेटकी होती, केस नुकतेच कापलेले आणि नखांना लाल रंग. पायाशी एक गुबगुबीत कुत्री शेपूट हलवत होती.

"माझं नाव करीन," आर्डिसने ठोकून दिलं. "चर्चतर्फे आलेय. आम्ही लोकांना भेटी देत असतो."

"अय्या, किती छान! या ना आत. कॉफी घेणार?"

"नको नको."

"थोडीशी?"

"त्रास नको तुम्हाला."

"केलेलीच आहे हो."

"मग अर्धा कप." तीनदा नको म्हटल्याशिवाय कॉफी घेणं आमच्याकडे हावरटपणा समजतात, मग घर शत्रूचं का असेना.

आर्डिस हॉटडिशचं भांडं ओट्यावर ठेवून खिडकीकडे तोंड करून बसली. कुठल्याही क्षणी व्हर्लिनचा निळा ट्रक वळणावर दिसणार होता. दहा वाजले, साडेदहा झाले. तोवर तिने स्वयंपाकघर न्याहाळून घेतलं. पडदे तिच्या पडद्यांपेक्षा सरस होते आणि ओट्यावर एक डाग नव्हता. तिचा नुसता जळफळाट झाला. यव्होन मात्र एका गालाला हात लावून बोलत होती.

"दाढ ठणकतेय हो. डॉक्टरकडे कधीची वेळ घेतली होती, पण तारीख गेली डोक्यातून. हल्ली मेले आठवणीचा फोनसुद्धा करत नाहीत!"

"हो का? फार दुखते का?" आर्डिसने विचारलं. फार दुखते हे ऐकून तिला बरं वाटलं, देव तिला क्षमा करो.

"एकट्याच राहता?" तिने थोड्या वेळाने खडा टाकला.

"मी आणि ही पर्ल. पुरुषमाणसाची कटकट नाही."

'ऐका हो ऐका,' आर्डिस मनात म्हणाली. दुपार झाली तरी ट्रक आला नाही. शेवटी कुत्रीसुद्धा तिला कंटाळून झोपली, तेव्हा ती उठली.

घरी व्हर्लिन खुर्चीत घोरत होता. तो गेलाच नाही, की आपली गाडी तिथे बघून परत फिरला? या विचारात ती हात धुवायला नळापाशी गेली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. भांडं! चर्चच्या जेवणात भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्याकडची प्रत्येक बाई भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहिते. त्या करीनबाई यव्होनच्या ओट्यावर जे भांडं ठेवून आल्या होत्या, त्याच्या बुडाला ठळक अक्षरांत 'आर्डिस हॉवलंड' लिहिलेलं होतं.

शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. आर्डिस जिन्यावर होती, ती तिथेच थिजली. दार व्हर्लिनने उघडलं. समोर यव्होन, हातात तेच काचेचं भांडं, आता लिंबाच्या वड्यांनी भरलेलं. भांडं रिकामं परत करण्याइतकी ती निर्लज्ज नव्हती.

"आपली ओळख नाही वाटतं," व्हर्लिन म्हणाला.

"मी यव्होन टेसमर."

व्हर्लिनचा चेहरा उजळला. "यव्होन! अहो, गुरुवारी गेला नाहीत ना दातांच्या डॉक्टरकडे? तिथल्या पोरीचा पुन्हा मला फोन होता!"

यव्होन मटकन बाकावर बसली आणि तिने रडत रडत सगळं सांगून टाकलं. आपली माहिती कुठे जाऊ नये म्हणून ती स्वतःचा नंबर कोणालाच देत नसे. टॉरव्हिलच्या किराणा दुकानात सवलतीसाठी नंबर सांगावा लागतो. दोन वर्षांपूर्वी रांगेत तिच्या पुढचे गृहस्थ आपला नंबर सांगत होते. तो लक्षात ठेवायला सोपा होता. तिने तोच सांगितला, आणि मग दवाखान्यात, चष्म्याच्या दुकानात, सगळीकडे तोच सांगत गेली.

"परवा भांड्याखाली नाव वाचलं, त्या माणसं शोधायच्या साइटवर शोधलं, तर तोच नंबर! धाबं दणाणलं माझं. तुम्ही मला पकडायला आला होतात, आणि तरी एक शब्द बोलला नाहीत. केवढं मोठं मन तुमचं!" ती जिन्याकडे बघत म्हणाली.

"त्यात काय एवढं," जिन्यावरून उतरत आर्डिस म्हणाली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. लिंबाची एक वडी तिने तोंडातही टाकली.

"पण तू त्या लोकांना नंबर चुकलाय असं का नाही सांगितलंस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"इतक्या नम्रपणे बोलतात गं ती पोरं. तोंडावर नाही कसं म्हणायचं?" मग तो यव्होनकडे वळला. "पर्लची लस राहिलीय. चष्मा तयार आहे, केव्हाचा. आणि डाव्या डोळ्यात थेंब घालताय ना? मला आपली काळजी लागून राहते."

दुसऱ्या वडीकडे नेलेला हात आर्डिसने मागे घेतला.

"व्हर्लिन, माझा दातांचा डॉक्टर कोण?"

"आहे ना तो... उंच."

"बाई आहे ती."

यव्होनने झटपट निरोप घेतला आणि सगळीकडचा नंबर बदलण्याचं वचन दिलं. गॅरेजातला फोन गप्प झाला. व्हर्लिन दोन-तीन दिवस जरा उतरलेला दिसला, आणि ते बघून आर्डिसला पहिल्यापेक्षा जास्त झोंबलं. तिचा प्रियकर असता तर समजून घेता आलं असतं. पण परक्या बाईचा डावा डोळा लक्षात ठेवणारा नवरा? सोमवारी तिने आपल्या दातांच्या दवाखान्यात फोन केला आणि स्वतःचा नंबर काढून तिथे व्हर्लिनचा लिहायला सांगितला.

बुधवारी गॅरेजात फोन वाजला. आर्डिस दाराआड कपड्यांची टोपली घेऊन उभी राहिली, पण त्याचं बोलणं पुटपुटण्यापलीकडे ऐकू येईना. थोड्या वेळाने तो हात पुसत बाहेर आला.

"मंगळवारी अडीचला दात दाखवायचेत तुला. मीच नेतो. त्या बाई विचारत होत्या, अजून झोपेत दात खाते का."

"मग?"

"म्हटलं, मार्चपासून खातेय. डाव्या कुशीवर झोपली की जास्त."

हे आर्डिसलाही माहीत नव्हतं. ती टोपलीतली चादर उगाचच झटकत राहिली.

"आणि ती टेसमर?" तिने शेवटी विचारलं. "ती खाते का झोपेत दात?"

"ते मला कसं कळणार?" व्हर्लिन वैतागून म्हणाला.

"तेच म्हणते मी," आर्डिस म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक तिने त्याच्या हातात दिलं.