आधी गालाला विचारा

आमचे काकाजी बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघायचे नाहीत, गालाकडे बघायचे. समोरचा तब्येत सांगो नाहीतर तुरीचा भाव, यांची नजर कानशिलापासून हनुवटीपर्यंत उतरायची आणि मग सवाल यायचा, "उलटा वस्तरा फिरवायलास की काय?"

काकाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. पेडगावच्या शाळेत मास्तरकी करून घरी बसलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. निजामाच्या राज्यात लोकांना नाना काळज्या होत्या; काकाजींना एकच, की पुरुष माणसं कोरडी दाढी करतात.

त्यांची स्वतःची दाढी अंगणातल्या कडुलिंबाखाली चाले. आधी ऊन पाण्याचं फडकं गालावर, एकशे आठ वेळा 'नमः शिवाय' होईपर्यंत. "तुरीची डाळ भिजल्याबिगर शिजती का? मग दाढीनं काय पाप केलं?" मग फेस, मग वस्तरा, तोही केसाच्या कलानं. "जवारीच्या पानावरून हात फिरव. एका अंगानं मऊ, दुसऱ्या अंगानं कापतंय. केसाचंबी तसंच हाय." दाबायचं नाही, एकाच जागी तीनदा फिरवायचं नाही, दुसऱ्याचा वस्तरा तर हातात धरायचा नाही. शेवटी गार पाणी, तुरटीचा एक हात आणि बोटभर लोणी. एवढं सांगून झालं की ठरलेलं वाक्य, "घाई न्हाई करायची. आधी गालाला विचारा."

एका लग्नात अक्षता पडायच्या आत त्यांनी नवरदेवाच्या गालावर बोट फिरवलं आणि वधूपित्याला सांगितलं, "पोरगं चांगलं हाय. वस्तरा बोथट हाय." पोलीस ठाण्याच्या जमादाराला अख्खं गाव वळसा घालून जाई, काकाजींनी त्याला चावडीपुढं अडवलं. "जमादारसाब, गर्दन पे फुन्सियाँ हैं. हफ्ताभर उस्तरा नक्को लगाव." बघणारे दोन पावलं मागं सरले. आठ दिवसांनी जमादार स्वतः मान दाखवायला आमच्या दारात उभा.

मी तेव्हा नवी सून. परभणी ते पाथरी एवढ्या मुलखात शहाणी मी एकटीच, असं माझं मत होतं. ते अजून फारसं बदललेलं नाही, पण तेव्हा मी ते बोलूनही दाखवायची. आल्या आल्या मी सासरचं घर सुधारायला घेतलं. काकाजींच्या कोनाड्यात एक पितळी डबी एकटीच पडली होती, आत तुरटीचा खडा; रोजच्या दाढीची तुरटी वेगळी असे. माझ्याजवळ माहेरची तशीच डबी होती, तिच्यात खडीसाखर. मी दोन्ही चिंचेनं घासून लख्ख केल्या आणि सैपाकघराच्या फळीवर शेजारी शेजारी मांडल्या. जोडी छान दिसली. कोणत्या डबीत काय, हे विसरायला मला दोन दिवस पुरले.

त्याच सुमारास आमच्या ह्यांना परभणीच्या कचेरीत नकलनवीसाच्या, म्हणजे कागद उतरवून काढायच्या, जागेसाठी बोलावणं आलं. शेती दोन भावांत पुरत नव्हती; ही जागा मिळाली तर आमचा संसार उभा राहणार होता. आणि ह्यांच्या गालावर पुटकुळ्यांचं पीक. काकाजींनी गालाला दहा दिवसांची रजा दिली. ह्यांची दाढी वाढली, मी तोंड वाकडं करून हिंडले. मला वाटलं, वडलांनी लग्न एकाशी लावलं आणि नांदायला दरोडेखोर दिला.

जायच्या दिवशी भल्या पहाटे काकाजींनी स्वतः ह्यांची दाढी केली. एकही पुटकुळी कापली नाही. मग दाराआडून मला म्हणाले, "सूनबाई, आज माझ्या डबीतली तुरटी आणा." आजवर तिला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी ऐटीत खडा आणून दिला. काकाजी वस्तरा पुसत होते, ह्यांना गाडीची घाई. ह्यांनीच ओल्या गालांवर खडा खसाखसा फिरवला आणि निघाले.

मग काकाजी स्वतःच्या दाढीला बसले. इतक्यात जंगमस्वामी भिक्षेला दारात आले. मी भक्तिभावानं त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली. स्वामींनी कडकन चावा घेतला. नाडी ओढल्यावर बटवा मिटतो तसं त्यांचं तोंड मिटलं. 'शिव शिव' म्हणायला गेले, एकच 'शिव' निघाला.

काकाजींनी स्वामींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि उठले. जन्मात घाई न केलेला माणूस एका गालावर फेस, एक गाल सफाचट, हातात ओलं फडकं, असा बाजारातून धावत स्टेशनावर गेला. हे डब्यात बसले होते. खिडकीशी माश्यांची जत्रा, आणि हे आपल्याच हातानं आपल्याच थोबाडीत मारून घ्यायलेत. काकाजींनी खिडकीतूनच ह्यांचे दोन्ही गाल धुऊन काढले. गाडी हलली तरी चालत चालत पुसतच होते, आणि सांगत होते, "दाबू नगंस. नुसतं टिप."

जागा मिळाली. साहेबांनी म्हणे अक्षर बघितलं, गाल बघितलेच नाहीत. हे काकाजींना आम्ही कधी सांगितलं नाही.

पण ते संध्याकाळचं. सकाळी काकाजी परतले तेव्हा सासूबाई मला धारेवर धरून होत्या. "वैनी," काकाजी म्हणाले, "डबी मीच तिथं ठेवली होती." सासूबाई चुलीकडं वळल्या. मी मनातल्या मनात चूक कबूल केली, जन्मात ते प्रथमच घडलं.

मी स्वामींनी टाकलेला खडा धुतला आणि कडुलिंबाखाली नेऊन दिला. दातांची खूण स्पष्ट होती.

"तुमच्या काकूची हाय ही तुरटी," ते म्हणाले. फेस गालावर वाळला होता. "लग्नात माझं तोंड नुसतं फोडांनी भरलेलं. समदे हसले. ती न्हाई हसली. दुसऱ्या दिवशी तिनं हा खडा पुढं केला. म्हणली, घाई करू नका, आधी गालाला विचारा."

त्यांनी दातांच्या खुणेवरून अंगठा फिरवला. "आज मात्र लय हसली असती."

मी डबी सैपाकघरातून काढून पुन्हा कोनाड्यात ठेवायला निघाले.

"राहू द्या तिथंच, साखरेशेजारी," काकाजी म्हणाले आणि उरलेल्या गालाला पाणी लावलं. "लय वर्सं एकटीच व्हती."