टेबलाखालचा ज्वालामुखी

पाणसळीतला बुडबुडा मधल्या रेषेपासून केसभर डावीकडे होता. संशोधक बाईंनी स्क्रू किंचित फिरवला, श्वास रोखला आणि जमिनीखालच्या जड खडकाचा माग काढणाऱ्या गुरुत्वमापकाचा आकडा वहीत टिपला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"ड्रिलरकाका, सापडला! पुरलेल्या ज्वालामुखीची नळी, जड खडकानं गच्च भरलेली. अगदी इथे!"

इथे म्हणजे खाणीच्या व्यवस्थापकांच्या टेबलाखाली. मोजणीची रेषा त्यांच्या ऑफिसातूनच जात होती. जुन्या खाणीत तांबं महिनाभर पुरेल इतकंच उरलं होतं. नवं मिळालं तर या नळीच्या कडेलाच. पण ड्रिल कुठे करायचं, हे व्यवस्थापक आठ महिने ठरवत होते. सगळी खाण त्यांना 'बघूसाहेब' म्हणायची.

"माझ्या खोलीत? छे! ही लोखंडी कपाटं बघा. त्यांच्या वजनानं आकडा फुगलाय."

"साहेब, अशी पन्नास कपाटं असली तरी एवढा फरक पडणार नाही. शिवाय दोनशे मीटरपासून आकडे चढतच आलेत."

"माझ्या कपाटांकडेच चढतायत ना? कपाटं काढा, मग बघू."

कपाटं अंगणात गेली. आकडा तोच. मग फायलींचे गठ्ठे गेले, तिजोरी गेली, टेबल गेलं. दर खेपेला बाई बुडबुडा मध्यावर आणत आणि काका दारातून ओरडत, "हलला का?"

"तसूभरही नाही!" बाईंचा आवाज दर वेळी थोडा वर चढत होता.

"आता काय राहिलं?" साहेबांनी घाम पुसला.

काकांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "वजनाचं म्हणाल तर... तुम्हीच राहिलात."

साहेब फणकाऱ्यानं बाहेर जाऊन खुर्चीत बसले. आकडा तरीही तोच. दारात एव्हाना कामगारांची अख्खी पाळी जमली होती.

तेवढ्यात साहेबांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. अंगणात कपाटं, तिजोरी आणि मधोमध नवरा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, काढून टाकलं की काय तुम्हाला?"

"नाही गं. यांना ड्रिल करायचंय. माझ्या खोलीत."

"मग?"

"मी म्हटलं, बघू."

"घराला कुठला रंग द्यायचा ते आठ वर्षं बघताय! इथे बघायला उरलंय काय आता?"

साहेब उठून दारापाशी गेले. खोली मोकळी होती. फरशीवर टेबलाच्या पायांचे चार डाग, आणि बरोबर मधे ते छोटं यंत्र. बाईंनी वही पुढे धरली. तिच्यात एकाखाली एक सहा आकडे होते, सगळे सारखे.

साहेबांनी सवयीनं तोंड उघडलं. "ब..."

सगळ्या पाळीनं श्वास रोखला.

"...बाहेरची भिंत पाडा," साहेब म्हणाले. "मशीन दारातून आत जायचं नाही. ड्रिल इथेच करायचं. आजच."